पत्रा वाया जाऊ नये म्हणून

आठ बाय चारच्या पत्र्यातून दोन-दोन फुटांचे चौकोन बरोबर आठ निघतात. कातरण शून्य. सहा चौकोनांचा डबा, सातव्याचं दार, आठव्याचा राखेचा ट्रे. आमच्या स्मोकरच्या, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या यंत्राच्या, फायरबॉक्सचं (आगीच्या डब्याचं) माप या हिशेबाने ठरलं. त्यात आगीचा, हवेचा, मटणाचा कशाचाच विचार नव्हता. भुसावळातल्या ज्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम काढलं, तिथला मिस्त्री माझ्यावर इतका खूश झाला की खडूने रेघा मारायच्या आधी त्याने चहा सांगितला. गिऱ्हाईक एवढं शहाणं माप घेऊन येतं कुठे?

खूळ पुतण्याचं. तो टेक्सासात ऑस्टिनला नोकरी करतो. तिकडे म्हणे शनिवारी सकाळपासून लोक रांगा लावून धुरावर शिजवलेलं मांस खातात. नाताळच्या सुटीत तो घरी आला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "काका, आपण शेतावर ऑफसेट स्मोकर बनवू." मला आधी वाटलं, हे काहीतरी शेगडीसारखं असेल. मग त्याने वहीत काढून दाखवलं. एक आडवा लांब ड्रम, त्यात जाळी, जाळीवर मांस. ड्रमच्या एका टोकाला, थोडा खाली लटकवलेला लोखंडी डबा. आग त्या डब्यात. दुसऱ्या टोकाला धुराडं. आग मांसाच्या खाली कधीच येत नाही, ती शेजारच्या खोलीत राहते. फक्त तिची धग आणि धूर ड्रममधून आडवे वाहत जातात. ड्रममध्ये ११० ते १३० अंश सेल्सिअस ठेवायचं आणि पाच-सहा तास, कधी बारा तास, वाट बघायची.

आमच्या घरात मटण शिजत नाही. बायको खात नाही आणि बाबांनी निवृत्तीनंतर माळ घातली आहे. पण शेत घरात धरत नाहीत, ही खानदेशातली जुनी पळवाट. आमचं शेत तापीच्या पल्याड, यावल रस्त्याला. चहूबाजूंनी केळी, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. धूर केला तरी विचारायला कोणी येत नाही. आलंच तर ताट घेऊनच येतं.

ड्रम मिळाला आंब्याच्या गराचा. जळगाव भागात फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, त्यांचे २०० लिटरचे लोखंडी ड्रम भंगारात येतात. गर आत प्लॅस्टिकच्या निर्जंतुक पिशवीत असतो, त्यामुळे ड्रमच्या आतल्या अंगाला रसायनाचा वास नसतो. केमिकलचा किंवा तेलाचा ड्रम स्वस्तात मिळत होता, तो मिस्त्रीनेच नको म्हटलं. बंद ड्रममध्ये जुना वायू साठलेला असला आणि त्यावर गॅस कटर धरला, तर ड्रम फुटतो. ज्यांनी एकदा पाहिलंय ते पुन्हा तसा ड्रम कापत नाहीत. मात्र याच शहाण्या माणसाने पुढच्या वाक्यात फायरबॉक्सला जीआय पत्रा सुचवला, "गंजणार नाही, भाऊ." पुतण्या एकदम ओरडला. जीआयवर जस्ताचा थर असतो, आगीत त्याचा धूर होतो आणि तो छातीत जातो. मिस्त्री हसून म्हणाला, "हो, आम्हाला येतो ना त्याने ताप." म्हणजे माहीत होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी साधा काळा पत्रा घेतला, ५ मिलिमीटरचा. आठ बाय चारचं एक अखंड पान जवळपास ११७ किलो भरतं. ते रिक्षातून उतरवताना चौघांच्या कमरा कामाला आल्या.

डबा झाला. आठ घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २२६. आणि ड्रम २०० लिटरचा! म्हणजे आगीची खोली जेवणाच्या घरापेक्षा मोठी झाली. हे गणित तेव्हा आमच्यापैकी कोणीच केलं नाही. उलट तो दणदणीत डबा बघून सगळ्यांना वाटलं, वा, आता आग कमी पडायची नाही.

पहिल्या रविवारी सकाळी नऊला पेटवलं. ड्रम आणि डबा आधी दोन दिवस नुसतेच तापवून आतला-बाहेरचा रंग जाळून टाकला होता. अडीच किलोची बोकडाची मांडी, तिला मीठ आणि घरचा काळा मसाला चोळून रात्रभर ठेवलेली. पुतण्याला ब्राऊन शुगर हवी होती, त्याला गुळाची पावडर दिली. बाभळीची हातभर लांब, मनगटापेक्षा जाड तीन लाकडं डब्याच्या तळाशी ठेवली, खाली पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. पेटलं छान. पण तासभर झाला तरी ड्रमचा काटा ८० च्या वर हलेना. डब्याला मात्र हात लावायची सोय नव्हती, जवळ उभं राहिलं तर पोटऱ्या भाजत होत्या. आणखी दोन लाकडं टाकली. मग आणखी दोन. अकराच्या सुमाराला सगळी लाकडं एकदम पेटली आणि काटा १०० वरून १८० वर गेला. पुतण्याने घाईने हवेची झडप बंद केली. आग विझली नाही, धुमसायला लागली. धुराड्यातून पिवळट पांढरा, दाट, लोकरीसारखा धूर यायला लागला. थोड्या वेळाने तो धुराड्यातून कमी आणि डब्याच्या दाराच्या फटीतून जास्त यायला लागला. म्हणजे जो पुढे जायचा तो मागे फिरला. मांडीवरून गळणाऱ्या चरबीचा वास आम्हाला फायरबॉक्सच्या दारात येत होता.

बाबा खाटेवर बसून हे पाहत होते. सांगायचं राहिलं, ते आले होते. मटण खात नाहीत, पण शेतावर आग पेटणार म्हटल्यावर घरी कसे राहतील? त्यांची उमेदीची वर्षं भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये गेली. आधी इंजिन पुसणारे क्लीनर, मग इंजिनात कोळसा टाकणारे सेकंड फायरमन, मग फायरमन. पुढे विजेची इंजिनं आली आणि फायरमनचा असिस्टंट ड्रायव्हर झाला, पगार वाढला, हातातलं फावडं गेलं. फावड्याचं त्यांना आजही वाईट वाटतं. ते धुराड्याकडे बघत एवढंच म्हणाले, "हे असं शेडच्या बाहेर दिसलं असतं ना, तर फोरमनने आम्हाला उभं केलं असतं."

मटण तीनला काढलं. बाहेरून काळं चकचकीत, जणू कोणी डांबर फासलंय. पहिल्या घासाला जीभ बधिर झाली. ही अतिशयोक्ती नाही. अर्धवट जळलेल्या लाकडाचा जो चिकट डांबरी अंश असतो, क्रिओसोट म्हणतात त्याला, त्याने जीभ खरंच बधिर होते. पुतण्या तिकडच्या सभ्यपणाने म्हणाला, "थोडं जास्त स्मोकी झालंय." मिस्त्रीने भाकरी मिठाशी खाल्ली.

बिघडलं कशाने, ते त्या संध्याकाळी बाबांनी खाटेवर बसूनच उलगडलं. मी नंतर पुतण्याकडून आणि वाचून ताडून पाहिलं, म्हातारा एकाही ठिकाणी चुकला नव्हता.

लाकूड जळतं म्हणजे खरं तर दोन गोष्टी जळतात. तापलेल्या लाकडातून आधी वायू सुटतात, ते पेटले की जाळ दिसतो. वायू निघून गेल्यावर उरतो तो कोळसा, त्याचा निखारा होतो. चविष्ट धूर हवा असेल तर सुटलेले वायू त्या डब्यातच जवळजवळ पूर्ण जळायला हवेत. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, भरपूर हवा आणि भरपूर उष्णता, दोन्ही एकाच जागी. आमच्या डब्याला २४ चौरस फूट लोखंड होतं. छोटी आग पेटवली की तिची धग ते लोखंड पिऊन टाकायचं आणि बाहेरच्या डिसेंबरच्या हवेला वाटून द्यायचं. डब्यातल्या रिकाम्या जागेत गार हवा फिरत राहायची, वायू पेटण्याआधीच थंड व्हायचे. काटा चढेना म्हणून आम्ही लाकूड वाढवायचो. लोखंड एकदा तापलं की ती सगळी लाकडं मिळून ड्रमला सोसणार नाही इतकी धग द्यायची. मग झडप बंद. हवा तोडली की जाळ मरतो, लाकूड मात्र तापलेलंच असतं, वायू सुटतच राहतात आणि न जळता थेट मटणावर जाऊन बसतात.

"आग आवरायला हवा तोडायची नसते," बाबा म्हणाले, "आगच लहान ठेवायची. आणि लहान आग मोठ्या घरात थंडीने मरते."

मला हे पटलं, पण एक शंका होती आणि ती मी विचारली. त्यांची इंजिनं काय लहान होती? डब्ल्यूपी (प्रवासी गाडीचं) आणि डब्ल्यूजी (मालगाडीचं) या दोन्ही वाफेच्या इंजिनांचा बॉयलर सारख्याच मापाचा, आणि ग्रेट, म्हणजे कोळसा ज्यावर जळतो ती जाळी, ४६ चौरस फुटांची. सात फूट बाय साडेसहा फूट धरा, आमचं देवघर त्यात मावेल. एवढी मोठी आग चालते, तर आमचा दोन फुटांचा डबा कसा मोठा झाला?

या प्रश्नावर बाबा खाटेवरून उठले. त्यांना असं विचारणारं आता कोणी नाही. साहेबाच्या देशातून आलेली जुनी इंजिनं होती, ते म्हणाले, त्यांचा फायरबॉक्स अरुंद, दोन चाकांच्या मधल्या सांगाड्यात बसवलेला. साहेबाचा कोळसा चांगला, राख कमी, त्याला ते पुरायचं. आपल्या कोळशात राख भरमसाट. अरुंद जाळीवर तो घातला की राखेने आग गुदमरायची. म्हणून १९२० च्या दशकात हिंदुस्थानासाठी जी एक्स मालिकेची इंजिनं आखली, त्यांना रुंद फायरबॉक्स दिला, चाकांच्या मागे, वर उचललेला. पुढे डब्ल्यूपी १९४७ मध्ये आलं, डब्ल्यूजी १९५० पासून चित्तरंजनला बनायला लागलं, दोघांनाही तेच. जाळी रुंद केली कशासाठी? हलका कोळसा पातळ पसरून, भरपूर हवेत जाळता यावा म्हणून. आणि त्या आगीला काम काय होतं? टनावारी पाण्याची वाफ करून हजार-दीड हजार टनांची मालगाडी ओढायची.

"तुला काय ओढायचंय?" बाबांनी विचारलं. "एक बोकडाचं तंगडं."

माझ्या डोक्यात मात्र त्यांच्या इंजिनापेक्षा आजीचा चुल्हा फिरायला लागला. आमच्या जुन्या घरात तीन चुल्हे होते. रोजचा भाकरीचा, त्याचं तोंड वीतभर. पुरणाचे मांडे करायचे तेव्हा अंगणात वेगळा चुल्हा मांडायची, त्यावर उलटं खापर. खापर मोठं, म्हणून चुल्हा रुंद आणि खोल, आणि जाळ असा की तो खापराच्या कडेपर्यंत सारखा पोहोचला पाहिजे, मधेच भडकून मांडा करपला की बाई चुकली. तिसरा दुधाचा, तो तर चुल्हाच नाही, गोवऱ्यांची मंद धग. रोजच्या चुल्ह्याला शेजारी वैल असायचा. चुल्ह्यातून एक भोक वैलात गेलेलं असायचं, आग इकडे आणि तिची उरलेली धग, धुरासकट, तिकडे. वैलावर वरण नाहीतर भाजी तासन् तास रटरटत राहायची, करपायची नाही. पुतण्याने वहीत जे ऑफसेट काढून दाखवलं होतं, ते मी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मातीत पाहिलेलं होतं, फक्त धुराडं नव्हतं. आजीने कधी घनफूट काढले नाहीत. माती कालवताना ती आधी भांडं आणून पालथं घालायची, मग वीत टाकायची, मग चार बोटं सोडायची. भांड्यावरून चूल. आम्ही पत्र्यावरून काढली.

असो. दुसऱ्या डब्याला गणित केलं, खताच्या रिकाम्या पिशवीवर मार्करने. तिकडे स्मोकर बनवणाऱ्यांत एक ढोबळ नियम चालतो, फायरबॉक्स मांस शिजण्याच्या भागाच्या साधारण एक तृतीयांश असावा. २०० लिटरचा तिसरा हिस्सा ६७. घनाकृती डबा धरला तर बाजू ४०.६ सेंटिमीटर, म्हणजे १६ इंच. पुतण्या म्हणाला, काही लोक मुद्दाम याहून मोठा करतात, लांब लाकडं बसावीत म्हणून. पण ते इंचाच्या चौथ्या हिश्श्याएवढं किंवा त्याहून जाड लोखंड वापरतात, काही तर दुहेरी भिंत करून मधे उष्णतारोधक भरतात, म्हणजे मोठं घर, पण रजई घातलेलं. उलट फार लहान केला तर तोही जाच. निखाऱ्याचा थर जमायला जागा नाही, तळाची राख चार लाकडांत जाळीला टेकते आणि दर दहा मिनिटांनी चिपऱ्या घालत बसावं लागतं. तो माणूस मग पाहुण्यांशी बोलू शकत नाही. एक तृतीयांश हा काही देवाचा शब्द नव्हे, पण ज्याला रजई शिवता येत नाही त्याच्यासाठी बरा.

आता गंमत. मी मिस्त्रीकडे १६ इंचाचं माप घेऊन गेलो, मनात अपराधी भाव, की आता पत्रा वाया जाणार. त्याने टेप लावला. चार फूट म्हणजे ४८ इंच, त्यात १६ चे तीन. आठ फूट म्हणजे ९६, त्यात सहा. एका पानात अठरा चौकोन, कातरण शून्य. सहा-सहाचे तीन फायरबॉक्स एका पत्र्यात! मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. ज्या बचतीसाठी आम्ही दोन फुटांचा डबा केला, ती बचत १६ इंचांत आणखी चोख बसत होती. मला फक्त पहिला सोपा भागाकार दिसला होता. लोखंडही २४ चौरस फुटांवरून पावणेअकरावर आलं. म्हणून यावेळी ६ मिलिमीटरचं घेतलं, तरी डबा पन्नास किलोच्या आतच राहिला.

बाकीच्या गोष्टी बाबांनी सांगितल्या तशा. तळापासून चार इंचांवर सळयांची जाळी, म्हणजे हवा लाकडाच्या खालून येईल आणि राख खाली पडेल. हवेची झडप जाळीच्या खाली. दाराच्या वरच्या बाजूला आणखी एक छोटी फट, जाळाच्या वरून हवा मिळायला. इंजिनाचं फायरहोल, म्हणजे कोळसा टाकायचं तोंड, कोळसा टाकल्यावर क्षणभर किंचित उघडं ठेवायचे ते याचसाठी, ताजा कोळसा वायू सोडतो तेव्हा त्याला वरून हवा लागते. डबा आणि ड्रम यांच्यामधलं तोंड अर्धचंद्राचं, त्यापुढे एक तिरका पत्रा, म्हणजे धग सरळ जवळच्या मांसावर चढणार नाही. धुराड्याला चार इंचांचा लोखंडी पाइप, अडीच फूट. आमचं जळगाव पाइपांचं गाव, घरात पाइपांचे तुकडे पडलेले असतात, पण ते सगळे पीव्हीसीचे. शेवटी हाही भंगारात शोधला.

लाकडाबद्दल थोडं. पुतण्याच्या ऑस्टिनला ओक जाळतात, पण त्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला मेस्किट नावाचं काटेरी झाड जाळतात आणि त्याचा फार बोलबाला आहे. त्याने फोनवर फोटो दाखवला. आमचा सालदार खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "ही तं वेडी बाभूळ." खरंच होतं. आपल्या नदीनाल्यांच्या काठी जी माजली आहे, शेळ्या शेंगा खातात आणि शेतकरी शिव्या देतात, ती वेडी बाभूळ त्याच मेस्किटच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातलीच. तिकडे पोती भरून विकतात. आम्ही गेल्या उन्हाळ्यात बांधावरची तोडून टाकलेली होती, चांगली सुकलेली. फूटभर लांबीचे, मनगटाएवढे तुकडे केले. कडुनिंब मात्र जाळायचा नाही, कडूपणा धुरातही येतो. ओलं लाकूड तर अजिबात नाही, कारण त्यातलं पाणी उकळवण्यातच आगीची शक्ती जाते आणि पुन्हा तोच लोकरी धूर.

दुसरा रविवार. सकाळी सातला पेटवलं. आधी चांगले निखारे होऊ दिले, मग त्यावर एक तुकडा, तो लखलखीत पेटला की दार लावायचं. झडप पूर्ण उघडी, दिवसभर. आठ वाजता काटा १२० वर आला आणि तिथेच बसला. पुतण्या काट्याजवळ जाऊन उभा राहिला. बाबांनी त्याला तिथून उठवलं. "घड्याळाकडे नको बघू रे, धुराड्याकडे बघ." काळा धूर म्हणजे हवा कमी. धूर अजिबातच नाही म्हणजे हवा फार, धग वाया चालली. वर हलकीशी राखाडी झाक दिसली की फायरमन बरोबर चाललाय. त्यांचं कोळशाचं गणित होतं हे. लाकडात ती झाक निळसर दिसते. पुतण्या तोंड वासून बघत राहिला, कारण तिकडे नेमकं हेच सांगतात, पातळ निळा धूर. तिकडच्या लोकांना हे कळायला अनेक करपलेली मांसं खर्ची पडली असणार, आणि आमच्या म्हाताऱ्याला कळलं ते मटण तोंडात न घालता.

दर अर्ध्या-पाऊण तासाने एक तुकडा. बाबा स्वतःच टाकायचे, कोणाला टाकू देत नव्हते. तुकडा टाकण्याआधी डब्याच्या माथ्यावर ठेवून गरम करायचे. थंड लाकूड आगीत टाकलं की ती क्षणभर दबते, म्हणे. दार उघडायचे ते अर्धं, टाकायचे ते कडेला, बंद करायचे ते झटक्यात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, गुडघ्याचा त्रास आहे, पण त्या हालचालीत मला कुठेच वय दिसलं नाही. थोडं टाक, वारंवार टाक, हे त्यांना साहेबाने शिकवलेलं. एकदम दहा फावडी टाकणारा फायरमन आळशी. तो पाच मिनिटं बसतो आणि मग इंजिन पंधरा मिनिटं धुमसतं.

मांडीचं तापमान बाराच्या सुमाराला ७० अंशांजवळ अडकलं आणि दीड तास हललंच नाही. मी पुन्हा लाकूड वाढवायला निघालो होतो. पुतण्याने थांबवलं. हे होतंच म्हणाला, मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडत असतं, घामाने अंग गार व्हावं तसं ते स्वतःला गार ठेवतं. आग वाढवायची नाही, गप्प बसायचं. मेमध्ये भुसावळात ४५ अंशांत माठातलं पाणी थंड कसं राहतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे समजायला जड नाही. त्याच वेळात स्नायूंना जोडणारा आतला चिवट भाग विरघळून त्याचा मऊ चिकट रस होतो. घाईने शिजवलेल्या मांडीत तो होत नाही, म्हणून ती दातात अडकते.

साडेतीनला काढली. बाहेरून गडद तपकिरी, कापल्यावर कडेला गुलाबी रेघ. मिस्त्री, सालदार, शेजारच्या मळ्यातले दोघे, पुतण्या आणि मी. कळण्याच्या भाकरी, कांदा, लिंबू. काही बोलणं झालं नाही, यावरून काय ते समजा. बाबा आपली पोळी-भाजी घेऊन फायरबॉक्सपाशीच बसले होते, विझत्या निखाऱ्यांकडे तोंड करून.

पुतण्या जानेवारीत गेला. दोन फुटांचा पहिला डबा शेडमध्ये पडून होता. भंगारात घालायचा विचार होता, मिस्त्रीने भावही सांगितला होता. मग भरिताचे दिवस आले. बामणोदची मोठी, पोपटी वांगी घरात आली, दहा-बारा किलो, कारण बहिणींची घरं येणार होती. भरिताची वांगी आमच्याकडे पऱ्हाट्यांवर भाजतात. पऱ्हाट्या हलक्या, भराभर जळणाऱ्या. त्यांचा निखारा फारसा टिकत नाही, आहे तो लांब, उंच, मोकळा जाळ. त्या जाळाला उंची लागते, रुंदी लागते. सोळा इंचांच्या डब्यात पऱ्हाट्या घालून पाहिल्या तर चार काड्यांत डबा भरला आणि गुदमरला.

बाबांनी शेडमधून मोठा डबा बाहेर काढायला लावला. मिस्त्रीने वरचा पत्रा कापून दिला, त्याजागी सळया टाकल्या. आत दोन पेंढ्या पऱ्हाट्या उभ्या केल्या आणि पेटवल्या. जाळ ढणाढणा वर आला, लोखंडी भिंतींनी वारा अडवला, आणि एका वेळी पंधरा वांगी वर बसली. साल काळी पडून तडकायला लागली, देठाजवळून वाफेच्या शिट्या निघायला लागल्या. इतकी सारखी भाजलेली वांगी मी उघड्यावर कधी पाहिली नव्हती.

जेवायला बसायच्या आधी धाकट्या बहिणीने शंका काढलीच. बाबा माळकरी, आणि हा डबा तर त्या मटणाच्या यंत्राचा. यावरची वांगी त्यांना चालतात का?

बाबांनी जराही विचार केला नाही. "मटण ड्रममध्ये होतं. हा फायरबॉक्स. यात फक्त आग होती. धूर इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येत नाही." मग त्यांनी पुरीत भरीत घेतलं, वर कच्च्या तेलाची धार, कांद्याची पात, आणि पहिला घास घेतला.

पहिल्या रविवारी याच डब्याच्या दारातून धूर उलटा बाहेर येत होता, चरबीच्या वासासकट. ते तेव्हा चार हातांवर खाटेवर बसलेले होते. मी काही बोललो नाही. त्यांनी दुसरी पुरी मागितली.